मासे, गणित आणि एक शपथ : वीतो व्होल्तेरा यांचे जीवन

आपल्या कलाशाखेच्या विद्यार्थ्याचे आणि गणिताचे नाते सर्वश्रुत आहे. दहावीची परीक्षा आटोपली, की आपण गणिताच्या वहीला शेवटचा नमस्कार करतो आणि सुटलो एकदाचे म्हणतो. गणित हे कोरडे शास्त्र, त्याचा माणसाच्या सुखदुःखाशी आणि सदसद्विवेकाशी काय संबंध, अशी आपली एक सोयीस्कर समजूत असते. ही समजूत मुळापासून हलवून टाकणारी काही आयुष्ये इतिहासात होऊन गेली आहेत. इटलीचे थोर गणितज्ञ वीतो व्होल्तेरा यांचे आयुष्य त्यांपैकीच एक. समुद्रातल्या माशांची संख्या कशी आणि का बदलते, युद्धासारख्या उलथापालथीचा त्या जीवसृष्टीवर काय परिणाम होतो, हे समीकरणांत मांडणारा हा माणूस. आणि एका कागदावर सही करण्यास नकार देऊन आयुष्यभराची कमाई सोडून देणाराही हाच माणूस.

व्होल्तेरा यांचा जन्म ३ मे १८६० रोजी आंकोना या गावी झाला. आंकोना हे एड्रिअ‍ॅटिक समुद्रावरचे जुने बंदर. त्या वेळी इटली नावाचे एकसंध राष्ट्र अस्तित्वात आलेले नव्हते. आंकोनावर पोपचे राज्य होते आणि तेथील ज्यू लोकांना वेगळ्या वस्तीत, अनेक बंधनांखाली राहावे लागे. व्होल्तेरांचे घराणे ज्यू. वडील आब्रामो कापडाचे व्यापारी होते. वीतो चार-पाच महिन्यांचे असतानाच, सप्टेंबर १८६० मध्ये, इटलीच्या एकीकरणासाठी निघालेल्या पिडमाँटच्या फौजांनी आंकोनाला वेढा घातला. त्या तोफमाऱ्यात एक गोळा बाळाच्या पाळण्यापाशी येऊन पडला आणि मूल थोडक्यात बचावले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. वेढा यशस्वी झाला, पोपची सत्ता गेली आणि पुढच्याच वर्षी इटलीचे राज्य जाहीर झाले. ज्यूंना इतर नागरिकांच्या बरोबरीचे हक्क मिळाले. या नव्या, स्वतंत्र इटलीचे आणि वीतोचे वय जणू एकच. या गोष्टीचा त्यांना कधीच विसर पडला नाही.

वीतो दोन वर्षांचे असताना वडील वारले. घरात पैसा नव्हता. आई आंजेलिका मुलाला घेऊन आपल्या भावाकडे राहायला गेली. मामा आल्फोन्सो आल्माज्या बँकेत नोकरीला होते. मामाच्या आश्रयाने वीतोचे बालपण तोरीनोत आणि मुख्यतः फ्लॉरेन्समध्ये गेले. अकराव्या वर्षी त्यांनी अंकगणित आणि भूमितीचे मोठ्यांसाठी लिहिलेले ग्रंथ वाचायला घेतले. तेराव्या वर्षी ज्यूल व्हर्नची चंद्रावर तोफगोळा सोडण्याची कादंबरी हाती पडली. इतर मुलांना त्या कादंबरीतले साहस आवडले असते. या मुलाला प्रश्न पडला, की पृथ्वी आणि चंद्र दोन्ही ओढत असताना त्या गोळ्याचा मार्ग नेमका कसा काढायचा? त्याने काळाचे बारीक बारीक तुकडे पाडले. प्रत्येक तुकड्यापुरते ओढीचे बळ तेवढेच राहते असे धरले आणि पायरीपायरीने मार्ग काढत नेला. बदलणाऱ्या गोष्टीचा क्षणाक्षणाने पाठलाग करायचा, ही त्यांची रीत तेव्हापासूनची आहे.

घरच्यांना मात्र या गणितवेडाची काळजी वाटू लागली. वडील नाहीत, घर मामाच्या पगारावर चाललेले. मुलाने लवकर व्यापारउदिमाला लागावे, बँकेत चिकटावे, ही त्यांची इच्छा. आपल्याकडच्या कोणत्याही मध्यमवर्गीय घरात घडावे तसेच घडले. नात्यातल्या एका शिकलेल्या माणसाला, एदोआर्दो आल्माज्या या इंजिनिअरला, मुलाची समजूत घालायला पाठवले. तो मुलाशी बोलला आणि उलट घरच्यांचीच समजूत घालू लागला. फ्लॉरेन्समधील भौतिकीचे प्राध्यापक आंतोनिओ रोईती यांनीही मुलाचे पाणी ओळखले आणि शाळा पुरी व्हायच्या आतच त्याला आपल्या प्रयोगशाळेत साहाय्यकाची जागा दिली. पोटाची सोय झाली आणि शिक्षणाचा मार्ग मोकळा झाला. पुढे १९०० साली याच एदोआर्दोची कन्या व्हर्जिनिया हिच्याशी व्होल्तेरांचा विवाह झाला, हे येथेच सांगून टाकतो.

१८७८ मध्ये ते पिसा विद्यापीठात दाखल झाले. उलिस्से दिनी आणि एन्रिको बेत्ती यांच्यासारखे गुरू लाभले. विद्यार्थिदशेतच, १८८१ मध्ये, त्यांनी एक असे विचित्र फलन रचून दाखवले, की तत्कालीन कलनशास्त्राच्या पायातील एक उणीव उघडी पडली. १८८२ मध्ये डॉक्टरेट मिळाली आणि दुसऱ्याच वर्षी, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी, ते पिसाला यामिकीचे प्राध्यापक झाले. १८९३ मध्ये तोरीनो आणि १९०० मध्ये रोम अशी त्यांची वाटचाल झाली. त्यांच्या नावाची समाकल समीकरणे आजही जगभर शिकवली जातात. त्या सगळ्याचा तपशील देण्याची ही जागा नव्हे. एक कल्पना मात्र सांगितली पाहिजे. काही पदार्थांच्या बाबतीत आत्ताची स्थिती फक्त आत्ताच्या बळावर ठरत नाही. त्या पदार्थाने यापूर्वी काय काय सोसले, यावरही ती अवलंबून असते. अशा पदार्थांना एक प्रकारची स्मृती असते, आणि ती गणितात कशी आणायची याचा मार्ग व्होल्तेरांनी दाखवला. पुढे सजीवांच्या अभ्यासात त्यांना हाच विचार उपयोगी पडला.

रोमच्या विद्यापीठात आल्यावर त्यांनी जे उद्घाटनाचे व्याख्यान दिले, त्याचा विषयच मुळी जीवशास्त्र आणि समाजशास्त्रे यांत गणिताचा वापर करण्याचे प्रयत्न हा होता. म्हणजे मासे त्यांच्या आयुष्यात येण्याच्या पंचवीस वर्षे आधीच त्यांनी या वाटेकडे पाहून ठेवले होते.

व्होल्तेरा केवळ अभ्यासिकेत रमणारे नव्हते. १९०५ मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी, ते इटलीचे सेनेटर झाले. विज्ञानाच्या प्रसारासाठी राष्ट्रीय परिषद उभी करण्यात त्यांचा पुढाकार होता. १९१० मध्ये समुद्राच्या अभ्यासासाठी जी राष्ट्रीय समिती स्थापन झाली, तिच्यामागेही तेच होते. पहिले महायुद्ध आले तेव्हा इटलीने दोस्तांच्या बाजूने उतरावे असा त्यांनी आग्रह धरला. नुसता आग्रह धरून ते थांबले नाहीत. १९१५ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, हा सेनेटर लष्कराच्या इंजिनिअर दलात लेफ्टनंट म्हणून भरती झाला. त्यांनी हवाई जहाजांवर काम केले आणि त्यांत पेट घेणाऱ्या हायड्रोजनऐवजी हेलियम भरावा अशी सूचना केली. दुसऱ्याला रणात जा म्हणायचे आणि आपण घरी बसायचे, हा त्यांचा स्वभाव नव्हता. पुढचा भाग वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

युद्ध संपले, आणि त्या युद्धानेच त्यांच्यापुढे एक कोडे टाकले. ते कोडे आणले त्यांच्या होणाऱ्या जावयाने. उंबेर्तो दांकोना हा तरुण प्राणिशास्त्रज्ञ. १९२६ मध्ये त्याचा व्होल्तेरांची कन्या लुईसा हिच्याशी विवाह झाला. दांकोना एड्रिअ‍ॅटिकच्या वरच्या भागातील त्रिएस्ते, फ्यूमे आणि व्हेनिस या बंदरांच्या मासळीबाजारांतील नोंदी तपासत होता. बाजारात आलेल्या एकूण मासळीत मुशी, पाकट यांच्या जातीच्या, म्हणजे इतर माशांवर जगणाऱ्या भक्षक माशांचे प्रमाण किती, हे तो वर्षवार मांडत होता. फ्यूमेचे आकडे पाहा. १९१४ मध्ये हे प्रमाण शेकडा ११.९ होते. १९१५ मध्ये ते २१.४ झाले, १९१६ मध्ये २२.१, १९१७ मध्ये २१.२ आणि १९१८ मध्ये तर ३६.४. युद्ध संपल्यावर ते उतरू लागले. १९१९ मध्ये २७.३, १९२० मध्ये १६.० आणि १९२३ मध्ये १०.७, म्हणजे पुन्हा जवळजवळ मूळपदावर.

युद्धाच्या काळात मासेमारी खूपच कमी झाली होती, हे उघड होते. आपल्या कोकणपट्टीवरही पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि समुद्राला विसावा मिळतो. पण तो विसावा दरवर्षीचा, ऋतूचा असतो. एड्रिअ‍ॅटिकला मिळालेला विसावा सलग काही वर्षांचा, आणि माणसाच्या भांडणाने दिलेला होता. आता मासेमारी थांबली तर सगळ्याच माशांचे फावणार, हे कोणीही सांगेल. पण फावले ते विशेषकरून भक्षकांचे. लहान मासे तुलनेने घटले. असे का व्हावे? जीवशास्त्राच्या परिभाषेत दांकोनाला याचे समाधानकारक उत्तर सापडेना. त्याने तो प्रश्न व्होल्तेरांपुढे ठेवला. त्या वेळी व्होल्तेरांचे वय पासष्ट होते. या वयात बहुतेक प्राध्यापक जुन्या टिपणांवर व्याख्याने देत असतात. व्होल्तेरांनी एक नवे शास्त्र सुरू केले.

त्यांनी समुद्र सोपा करून पाहिला. समुद्रात दोनच जाती आहेत असे धरले. एक लहान मासे, तारली-बांगड्यासारखे, ज्यांना खाद्याची ददात नाही. दुसरे मोठे मासे, जे या लहानांवरच जगतात. मोठे नसतील तर लहान वाढतच जातील. लहान नसतील तर मोठे उपासमारीने मरत जातील. दोघांच्या गाठी जितक्या जास्त पडतील तितके लहान घटतील आणि मोठे वाढतील. एवढ्या साध्या गृहीतांवरून त्यांनी दोन समीकरणे लिहिली आणि ती सोडवली.

पहिला निष्कर्ष निघाला तो असा, की दोन्ही संख्या कधी स्थिर राहणार नाहीत, त्या चक्रासारख्या फिरत राहतील. लहान वाढले की मोठ्यांची चंगळ होते, मोठे वाढतात. मोठे वाढले की लहान संपू लागतात. लहान संपू लागले की मोठे उपाशी पडतात आणि घटतात, आणि मग लहानांना पुन्हा उसंत मिळते. दुसरा निष्कर्ष असा, की हे चक्र लहान असो वा मोठे, संपूर्ण चक्राची सरासरी काढली तर ती बदलत नाही. सुरुवातीला मासे किती होते यावर ती अवलंबून नाही. तिसरा निष्कर्ष मात्र चकित करणारा आहे आणि फ्यूमेच्या कोड्याचे उत्तर त्यात आहे. तो समजून घेण्यासाठी एक काल्पनिक हिशेब मांडू.

समजा, लहान मासे मोकळे सोडले तर वर्षाला शेकडा ६० या वेगाने वाढतात, आणि समुद्रातील दर हजार मोठ्या माशांमागे हा वेग शेकडा २ ने कमी होतो. मग लहानांची वाढ आणि घट यांचा तोल कधी साधेल? मोठे मासे ३० हजार असतील तेव्हा. आता दुसरी बाजू. समजा, खायला काही नसेल तर मोठे मासे वर्षाला शेकडा ४० या वेगाने घटतात, आणि दर लाख लहान माशांमागे त्यांना शेकडा ४ चा आधार मिळतो. त्यांचा तोल साधेल लहान मासे १० लाख असतील तेव्हा. गंमत इथेच आहे. मोठ्यांची सरासरी संख्या ठरते लहानांच्या वाढीच्या वेगावरून, आणि लहानांची सरासरी ठरते मोठ्यांच्या मरणाच्या वेगावरून. प्रत्येकाचे भवितव्य दुसऱ्याच्या हाती आहे.

आता या समुद्रात कोळी उतरले आणि त्यांच्या जाळ्यांनी दोन्ही जातींतले वर्षाला शेकडा २० या वेगाने मासे उचलायला सुरुवात केली असे धरू. लहानांचा वाढीचा वेग ६० वरून ४० वर आला, म्हणून मोठ्यांची सरासरी ३० हजारांवरून २० हजारांवर आली. मोठ्यांचा घटीचा वेग ४० वरून ६० वर गेला, म्हणून लहानांची सरासरी १० लाखांवरून १५ लाखांवर गेली! जाळे दोघांवर सारखेच पडले, पण त्यात भक्षक घटले आणि भक्ष्य वाढले. आता मासेमारी थांबवा. सारा हिशेब उलटा फिरतो. मोठे २० हजारांचे ३० हजार होतात आणि लहान १५ लाखांचे १० लाख. महायुद्धात एड्रिअ‍ॅटिकमध्ये नेमके हेच झाले असावे, असे व्होल्तेरांचे उत्तर होते.

हे संशोधन १९२६ मध्ये लिंचेई अकादमीच्या प्रबंधमालेत प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी त्याचा सारांश लंडनच्या ‘नेचर’ साप्ताहिकात आला. तो वाचून अमेरिकेहून आल्फ्रेड लोट्का यांनी कळवले, की अशीच समीकरणे आपण आधीच प्रसिद्ध केली आहेत. त्यांचा ग्रंथ १९२५ चा होता. विद्वानांच्या जगात अशा प्रसंगी वर्षानुवर्षे भांडणे चालतात. व्होल्तेरांनी लोट्कांचा अग्रक्रम ‘नेचर’मधूनच मान्य केला आणि आपले पुढचे काम सुरू ठेवले. आज ही समीकरणे दोघांच्या जोडनावाने ओळखली जातात.

या समीकरणांच्या मर्यादाही सांगायला हव्यात. खऱ्या समुद्रात दोनच जाती नसतात. दांकोनाच्या आकड्यांवरही पुढे शंका घेतल्या गेल्या, कारण बाजारात आलेली मासळी म्हणजे समुद्रातली मासळी नव्हे. मॉस्कोच्या गाउझे या तरुण शास्त्रज्ञाने १९३० नंतर काचेच्या नळ्यांत सूक्ष्मजीव वाढवून हा सिद्धांत तपासला, तेव्हा भक्षकांनी सगळे भक्ष्य फस्त केले आणि मग स्वतःही उपाशी मेले. भक्ष्याला लपायला जागा ठेवली किंवा बाहेरून अधूनमधून नव्या जीवांची भर घातली, तेव्हा चित्र बदलले. शिवाय व्होल्तेरांच्या समीकरणांत एकदा धक्का बसला की दोन्ही जाती जुन्या चक्रात परत येत नाहीत, त्या नव्याच चक्रात फिरू लागतात. निसर्गात पुष्कळदा घाव हळूहळू भरून येतो. या उणिवा दूर करण्यासाठी नंतरच्या संशोधकांनी समीकरणांत भर घातली. खुद्द व्होल्तेरांनीही अनेक जातींचा विचार केला आणि भूतकाळाची स्मृती त्यांत आणली. वणवा, पूर, साथ किंवा माणसाचा हस्तक्षेप यांनंतर जीवसमूह कसे बदलत जातात याचे गणित आज मांडले जाते, त्याच्या पायाच्या दगडांत हे दोन ओळींचे काम आहे.

त्याचा व्यवहारात किती उपयोग आहे याचा दाखला कॅलिफोर्नियाच्या लिंबूवर्गीय बागांत मिळाला. ऑस्ट्रेलियातून आलेल्या खवलेकिडीने तेथील बागा १८६८ नंतरच्या काळात उद्ध्वस्त होत आल्या होत्या. १८८८-८९ मध्ये त्या किडीवर जगणारा ढालकिडा ऑस्ट्रेलियातूनच आणून सोडला आणि कीड आटोक्यात आली. पुढे डीडीटीचा शोध लागल्यावर बागाईतदारांनी तो फवारला, उरलीसुरली कीडही जावी म्हणून. झाले उलटेच. औषधाने कीड आणि ढालकिडा दोन्ही मेले, आणि कीड पुन्हा बोकाळली. फवारणी म्हणजे दोघांवर सारखेच पडलेले जाळे. व्होल्तेरांचा तिसरा नियम ज्याला ठाऊक होता त्याला यात नवल वाटण्याचे कारण नव्हते.

पण आपण पुढे गेलो. १९२६ चे ते वर्ष इटलीच्या इतिहासातही वेगळे होते. १९२२ मध्ये मुसोलिनी सत्तेवर आला होता. १९२३ मध्ये व्होल्तेरा लिंचेई अकादमीचे अध्यक्ष आणि नव्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेचेही अध्यक्ष झाले. म्हणजे देशाच्या विज्ञानजगतातील सर्वोच्च स्थान त्यांच्याकडे होते. गप्प राहणे त्यांना सहज परवडले असते. ते गप्प राहिले नाहीत. १९२५ मध्ये तत्त्वज्ञ बेनेदेत्तो क्रोचे यांनी काढलेल्या फॅसिझमविरोधी विचारवंतांच्या पत्रकावर त्यांनी सही केली. सेनेटमध्ये उघडपणे विरोध करणाऱ्या मूठभर सदस्यांत ते होते. परिणाम व्हायचा तो झाला. १९२६ मध्ये अकादमीचे आणि १९२७ मध्ये संशोधन परिषदेचे अध्यक्षपद गेले. परिषदेवर त्यांच्या जागी बिनतारी संदेशवहनाचा जनक मार्कोनी याची नेमणूक झाली. विद्यापीठातले अध्यासन तेवढे उरले.

१९३१ च्या ऑगस्टमध्ये त्याच्यावरही गदा आली. प्रत्येक प्राध्यापकाने राजाशी आणि त्याबरोबरच फॅसिस्ट राजवटीशी निष्ठेची शपथ घ्यावी, विद्यार्थ्यांना त्या राजवटीला वाहिलेले नागरिक बनवण्याचे वचन द्यावे, असा हुकूम निघाला. शपथ नाकारणाऱ्याची नोकरी जाणार होती. इटलीत त्या वेळी बाराशेहून अधिक प्राध्यापक होते. नकार देणारे निघाले जेमतेम डझनभर.

बाकीच्यांना भित्रे म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. सह्या करणाऱ्यांत राजवटीचे भक्त होते, तसेच तिचा मनापासून तिटकारा असणारेही होते. कोणाच्या घरी लहान मुले होती, कोणी आजारी होते. कोणाला वाटले, आपण गेलो तर आपल्या जागी एखादा खुशमस्कऱ्या येईल आणि विद्यार्थ्यांचे नुकसान होईल. खुद्द क्रोचे यांनीही काहींना जागा न सोडण्याचा सल्ला दिला होता. हे सगळे युक्तिवाद खरे होते, आणि नेमके म्हणूनच मोह मोठा होता. व्होल्तेरांपुढेही हे युक्तिवाद होतेच. त्यांनी १८ नोव्हेंबर १९३१ रोजी विद्यापीठाच्या रेक्टरला एक छोटेसे पत्र लिहिले. आपली राजकीय मते सर्वांना ठाऊक आहेत, ती बाळगण्याचा सेनेटर म्हणून आपल्याला राज्यघटनेनेच अधिकार दिला आहे आणि सदसद्विवेकबुद्धीला स्मरून आपण ही शपथ घेऊ शकत नाही, एवढाच त्याचा आशय. त्यात ना त्रागा होता, ना भाषणबाजी. ज्या विद्यापीठात त्यांनी एकतीस वर्षे शिकवले, तेथील अध्यासन गेले. १९३४ मध्ये अकादम्यांच्या सदस्यांकडूनही शपथ मागण्यात आली. पुन्हा नकार, आणि त्या अकादम्यांचे सदस्यत्वही गेले. स्वतः अध्यक्षपद भूषवलेल्या लिंचेई अकादमीचे दार त्यांना बंद झाले.

व्होल्तेरा देश सोडून गेले नाहीत. व्याख्यानांच्या निमित्ताने पॅरिसला जात, इतर देशांतही जात, पण परत रोमला आणि आरिच्चा येथील आपल्या घरी येत. जीवशास्त्राच्या गणिताचे काम चालूच होते. पॅरिसमधील व्याख्यानांवर आधारलेला त्यांचा जीवनकलहाच्या गणिती सिद्धांतावरचा ग्रंथ १९३१ मध्ये, म्हणजे शपथेच्याच वर्षी, फ्रेंचमध्ये निघाला. १९३५ मध्ये जावई दांकोना याच्यासह आणखी एक पुस्तक प्रसिद्ध झाले. १९३६ मध्ये एक आश्चर्य घडले. पोप अकरावे पायस यांनी नव्याने उभ्या केलेल्या व्हॅटिकनच्या विज्ञान अकादमीवर व्होल्तेरांची निवड केली. पोपच्या राज्यात, बंधनांखालील ज्यू वस्तीच्या गावात जन्मलेल्या या माणसाला म्हातारपणी रोममध्ये मानाची जागा मिळाली ती पोपच्याच अकादमीत.

१९३८ मध्ये वंशभेदाचे कायदे आले. ज्यू प्राध्यापकांना विद्यापीठांतून काढून टाकण्यात आले. व्होल्तेरांकडून घ्यायला आता काही उरलेच नव्हते. पण बोलोन्याला कायद्याचा प्राध्यापक असलेला त्यांचा मुलगा एदोआर्दो याची नोकरी गेली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात इटलीच्या गणितज्ञांच्या संघाने जाहीर केले, की इटालियन गणिताची कीर्ती ही आर्यवंशीयांची कामगिरी आहे. ज्यांनी हे लिहिले त्यांच्यातील कितीतरी जण व्होल्तेरांची पुस्तके वाचून गणित शिकले असतील. आजारी व्होल्तेरांचे ११ ऑक्टोबर १९४० रोजी रोम येथे, ऐंशीव्या वर्षी, निधन झाले. आरिच्चा येथे त्यांचे दफन झाले. लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांच्यावर विस्तृत मृत्युलेख प्रसिद्ध केला, व्हॅटिकनच्या अकादमीने त्यांचे स्मरण केले. इटलीच्या सरकारी विज्ञानसंस्थांना मात्र त्यांचे नाव घेण्याचीही सोय राहिली नव्हती. युद्धानंतर हे सारे बदलले. मुलगा एदोआर्दो प्रतिकार चळवळीत उतरला होता. देश मुक्त झाल्यावर ज्या बोलोन्या विद्यापीठाने त्याला काढले होते, तेथेच तो रेक्टर झाला.

व्होल्तेरांचा एक दूरचा धागा आपल्यापर्यंतही येतो. १९२५-२६ मध्ये आंद्रे वेय हा फ्रेंच तरुण रोमला शिकायला आला होता आणि व्होल्तेरांच्या घरी त्याचे जाणेयेणे होते. हाच वेय पुढे १९३० मध्ये अलीगढला गणिताचा प्राध्यापक म्हणून आला आणि त्याने तेथे गोव्यात जन्मलेल्या तरुण दामोदर धर्मानंद कोसंबी यांना बोलावून घेतले. कोसंबी पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले. गणिताची साधने हाती घेऊन नाण्यांचा आणि इतिहासाचा अभ्यास त्यांनी कसा केला, हे आपल्याकडच्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. विद्येच्या शाखांमधल्या भिंती आपण समजतो तितक्या उंच नाहीत, एवढे या दोन्ही उदाहरणांवरून दिसते.

व्होल्तेरांच्या आयुष्याकडे पाहताना एक गोष्ट मनात येते. बाहेरून आलेला धक्का सगळ्यांवर सारखा पडला तरी त्याचा परिणाम सगळ्यांवर सारखा होत नाही, हे त्यांनी माशांच्या बाबतीत सिद्ध केले. १९३१ चा हुकूमही बाराशेहून अधिक प्राध्यापकांवर सारखाच पडला होता. मासा स्वतःची प्रतिक्रिया निवडू शकत नाही, म्हणून त्याचे समीकरण मांडता येते. माणसाला निवड करता येते. ती करण्याची वेळ बहुधा मोठ्या गाजावाजाने येत नाही. एखादा छापील कागद समोर येतो आणि त्याखाली सहीसाठी एक रिकामी ओळ असते. आपण शिकत आणि शिकवत असलेल्या विद्येचा उपयोग त्या वेळी होतो की नाही, हे पाहण्यासाठी तरी हे चरित्र कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनीही वाचावे.